मागच्या सीटवरून स्कायलाइन ड्राइव्ह

मैत्रिणींनो, फटफटीवर मागे बसली नाही अशी आपल्यात क्वचितच कुणी सापडेल. लग्नानंतरची जेजुरी, माहेरी जाताना टाकीवर बसवलेलं मूल आणि मांडीवरची पिशवी, मंडईतून येताना दोन्ही हातांत भाजी, हे सगळं आपण मागे बसूनच केलेलं असतं. खड्डा आला की कंबरेत कळ येते, आपण 'आई गं' म्हणतो आणि पुढचे म्हणतात, "रस्ताच तसा आहे, काय करणार?" पण रस्ता तसाच राहिला तरी गाडीत थोडं कमी-जास्त करता येतं आणि दोघं बसताना ते करायचं असतं, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आज तुम्हांला एका डोंगरी रस्त्याची सफर घडवताना मी पंपाची आणि हवेचीही थोडी गोष्ट सांगणार आहे. घाबरू नका, रोजचा कुकर लावण्यापेक्षा ती अवघड नाही!

आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या जवळ व्हर्जिनिया राज्यात राहतो. मी घर सांभाळते आणि रविवारी इथल्या आपल्या मुलांना मराठी शिकवते. आमच्या घरापासून दीड तासावर 'ब्लू रिज' नावाची डोंगररांग आहे. ब्लू रिज म्हणजे निळी धार. दुरून हे डोंगर खरोखरच निळसर दिसतात. तिथल्या दाट झाडांतून जे वायू हवेत मिसळतात, त्यांच्या धुक्यामुळे ही निळाई येते असं म्हणतात. या रांगेच्या अगदी माथ्यावरून १०५ मैलांचा एक रस्ता जातो. तोच स्कायलाइन ड्राइव्ह. उत्तरेला फ्रंट रॉयल या गावाशी तो सुरू होतो आणि दक्षिणेला रॉकफिश गॅप नावाच्या खिंडीत संपतो. सगळा रस्ता शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे.

हा रस्ता बांधायला १९३१ साली सुरुवात झाली आणि तो १९३९ साली पुरा झाला. तो काळ मोठ्या मंदीचा. हाताला काम नसलेल्या हजारो तरुण पोरांना सरकारनं १९३३ पासून अशा कामांवर लावलं. रस्त्याच्या कडेचे दगडी कठडे, झाडं, दरीकडे बघण्यासाठी काढलेल्या जागा, यांत त्या पोरांची मेहनत आहे. आणि दुसरीही एक गोष्ट विसरू नये. हे उद्यान व्हावं म्हणून डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे ५०० कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. झाडीत कुठे कुठे जुन्या घरांची जोती आणि कुणीतरी लावलेली सफरचंदाची झाडं अजून दिसतात. कोयनाकाठच्या माणसांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता आमच्या वाहनाविषयी. ह्यांना कॉलेजपासून मोटारसायकलचं वेड. तेव्हा राजदूतवर भागवलं. इथे आल्यावर बरीच वर्षं पैसे साठवून त्यांनी एक जुनी हार्ले-डेव्हिडसन इलेक्ट्रा ग्लाइड घेतली. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली ही गाडी. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे टेकायला पाठ आणि त्यामागे आणखी एक डिक्की. गाडीचं नुसतं वजनच पावणेचारशे किलोच्या आसपास. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "अरे, ही फटफटी की वऱ्हाडाची गाडी?"

दोघं मिळून पहिल्यांदा निघालो ते एप्रिलमध्ये. मुलं सासूबाईंजवळ होती. धाकट्याच्या वेळेपासून मला कंबरेचं दुखणं आहे, मणक्यातली एक चकती सरकलेली. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नव्हती, पण "दणके टाळा" असं बजावलं होतं. फ्रंट रॉयलपासून पहिले दहा-पंधरा मैल छान गेले. मग मात्र रस्त्यात कुठे थिगळ आलं, सांधा आला की मागचं चाक वर यायचं आणि आतून 'ठक्' असा कोरडा ठोका थेट माझ्या मणक्यात बसायचा. वळणावर गाडी हेलकावे खायची. एकतिसाव्या मैलावर थॉर्नटन गॅप नावाची खिंड आहे, तिथे मोठा हमरस्ता आडवा जातो. तिथूनच आम्ही खाली उतरलो आणि घरी परतलो. पुढचे चार दिवस मी गादीवर होते.

त्या चार दिवसांत घरात कुणी कुणाला काही बोललं नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी गाडी विकायची जाहिरात लिहायला घेतली. मला ते नको होतं. ह्यांनी एकट्यानं मित्रांबरोबर फिरावं आणि मी घरी वाट बघत बसावं, हेही मला नको होतं. मुलं झाल्यापासून आम्हां दोघांना मिळणारा असा हा एवढाच वेळ होता. पण कंबर तर माझीच होती!

वाट दाखवली ती शेजारच्या आजोबांनी. निवृत्त मेकॅनिक, उभा जन्म मोटारसायकलींत गेलेला. गाडी विकायला काढल्याचं कळलं तसे ते पाहायला आले. त्यांनी सीट दाबून पाहिली आणि ह्यांना विचारलं, "मागच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये हवा किती आहे?" ह्यांनी टायरची हवा सांगितली. आजोबा हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमचं वजन किती?" एखाद्या परक्या माणसानं हा प्रश्न विचारल्यावर आपला चेहरा कसा होतो ते तुम्हांला ठाऊकच आहे. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. गाडीचा आधीचा मालक नेहमी एकटाच फिरायचा. हवा तपासली तर निघाली जेमतेम ५ पौंड. म्हणजे ती गाडी एका माणसासाठी लावलेली होती आणि आम्ही दोघं सामानासकट तिच्यावर बसलो होतो.

हे नीट समजून घेऊ या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे दोन दांडे असतात ते शॉकॲब्सॉर्बर. आपले गॅरेजवाले त्यांना 'शॉकअप' म्हणतात. त्यांतली स्प्रिंग वजन पेलते आणि आतलं तेल हेलकावे थांबवतं. स्प्रिंगचा पाळणा आठवा. तान्हं बाळ त्यात झकास झुलतं. तोच पाळणा दोन वर्षांच्या मुलाला लावला तर तो जमिनीला टेकायला येतो, झुलायला जागाच राहत नाही. आमच्या गाडीचं तेच झालं होतं. मागच्या चाकाला वर-खाली व्हायला साधारण तीन इंच वाव असतो. त्यातला बराचसा आम्ही बसल्याबरोबरच संपत होता. मग थिगळ आलं की उरलेली जागा क्षणात संपायची आणि धातू तळाला टेकायचा. तोच तो 'ठक्'.

पाळण्याची स्प्रिंग बदलता येते, पण दर वेळी मोटारसायकलची कशी बदलणार? म्हणून या प्रकारच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये स्प्रिंगच्या जोडीला हवा भरण्याची सोय केलेली असते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं घट्ट दाबा आणि दांडा रेटा. आधी तो सहज जातो, मग जड होतो आणि शेवटी शेवटी तर हलतच नाही. दाबलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते, आणि गंमत म्हणजे जितकी दाबावी तितकी ती जास्त जोरानं परत ढकलते. वजन वाढलं, हवा वाढवली. वजन उतरलं, हवा सोडली. इतकं हे सोपं आहे.

ही सोय काही फार जुनी नाही. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना १९५८ सालापर्यंत मागच्या चाकाला स्प्रिंगच नव्हती, सगळी भिस्त स्प्रिंगच्या सीटवर. होंडाच्या गोल्ड विंग या प्रवासी गाडीला १९८० च्या नमुन्यापासून हवेचे शॉकॲब्सॉर्बर आले. पुढे तर तिच्यावरच छोटा कॉम्प्रेसर बसवला गेला, बटण दाबलं की हवा भरते! २००१ पासून गोल्ड विंगनं आणि २०१७ पासून हार्लेच्या प्रवासी गाड्यांनी हवा सोडून दुसरी पद्धत धरली. पण हवेवरच्या जुन्या गाड्या अजून हजारोंनी रस्त्यावर आहेत, आणि आमची त्यांतलीच.

ऑक्टोबरात पुन्हा जायचं ठरलं. आधी मी डॉक्टरांना विचारून घेतलं. शॉकॲब्सॉर्बर म्हणजे काही औषध नव्हे, कंबर दुखत असेल तर आधी डॉक्टरच. त्यांनी "तासातासाला उतरा, चाला" या अटीवर होकार दिला. मग एका शनिवारी आजोबांच्या गॅरेजात आमची शाळा भरली.

पहिली गोष्ट, वजन. आम्ही दोघं हेल्मेट, जाकीट, बूट असा पूर्ण जामानिमा करून काट्यावर उभे राहिलो. सामानाच्या पेट्या विमानप्रवासाच्या ताणकाट्यानं तोलल्या. गाडीच्या पुस्तकात एक तक्ता असतो. चालवणाऱ्याचं वजन इतकं, मागे बसणाऱ्याचं इतकं, तर हवा इतकी. त्या तक्त्यावरून सुरुवातीला २० पौंड ठरले.

दुसरी गोष्ट, हवा भरणं. गाडी थंड असावी, सरळ उभी असावी आणि तिच्यावर कुणी बसलेलं नसावं. आमच्या गाडीला हवेचा व्हॉल्व्ह डाव्या पेटीच्या आतल्या अंगाला आहे. पेटी काढली की हात नीट पोचतो. दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बारीक नळीनं जोडलेले असल्यानं एकाच व्हॉल्व्हमधून दोन्हीकडे सारखी हवा जाते. हा व्हॉल्व्ह दिसायला थेट टायरच्या व्हॉल्व्हसारखा असतो, आणि धोका तिथेच आहे. पेट्रोल पंपावरची नळी त्याला अगदी बरोबर बसते. पण टायरच्या मानानं आतली जागा चिमूटभर. त्या नळीचा जोर क्षणात काटा मर्यादेच्या पार नेतो आणि आतली सील फाटतात. आमच्या गाडीची मर्यादा ३५ पौंडांची. त्यापुढे कधीही जायचं नाही. म्हणून यासाठी हातपंपच वापरायचा, काटा बसवलेला. त्याची नळी अशी असते की काढताना हवा निसटत नाही. साध्या गेजनं मोजायला गेलं तर मोजता मोजताच काही पौंड हवा 'फुस्' होते, कारण मुळात ती असतेच थोडीशी.

हवा सोडतानाही घाई नको. हवेबरोबर आतल्या तेलाचे बारीक तुषार बाहेर येऊ शकतात. ते टायरवर किंवा ब्रेकवर उडाले तर चाक घसरायची भीती. आजोबांनी व्हॉल्व्हभोवती जुनं फडकं धरलं आणि हळूहळू हवा सोडून दाखवली.

तिसरी गोष्ट, मोजमाप. इथे माझा शिवणाचा टेप कामाला आला. आजोबांनी गाडी जॅकवर चढवली, मागचं चाक अधांतरी सोडलं आणि चाकाच्या मधल्या दांड्यापासून वर पेटीच्या पट्टीवर केलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजलं. मग गाडी खाली घेतली, आम्ही दोघं सामानासकट बसलो आणि त्यांनी पुन्हा मोजलं. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे गाडी किती दबली ते. एकूण वाव असतो त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा दबावी असा साधारण ठोकताळा. म्हणजे आमच्या तीन इंचांतला पाऊण ते एक इंच. आधी मुद्दाम जुन्या ५ पौंडांवर मोजलं, तर गाडी दोन इंच दबलेली! २० पौंडांवर सव्वा इंच. २४ वर बरोबर एक इंच. दारात उभ्या सासूबाई हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "ब्लाउजचं माप घेतल्यासारखं काय घेताय?" मी म्हटलं, "आई, तसंच आहे हे. माप दुसरीचं असेल तर कपडा आपल्याला कसा बसेल?"

ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात, मुद्दाम मंगळवारी निघालो. पानं रंगतात त्या दिवसांत शनिवार-रविवारी इथे गाड्यांची जत्रा असते. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ आणि लसणीची चटणी. जड डबे बाजूच्या पेट्यांत, तळाशी. मागच्या उंच डिक्कीत फक्त स्वेटर आणि पावसाळी कपडे. मागे उंचावर जड सामान ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगतं, हेही आजोबांचंच शिकवणं. व्हर्जिनियात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे.

फ्रंट रॉयलला शून्य मैल. तिथून रस्ता चढू लागतो आणि दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला मैलाचे दगड येत राहतात. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर. पळायचा हा रस्ताच नव्हे, बघायचा आहे. दरीकडे बघायला थांबण्याच्या जागा जवळजवळ ७० आहेत. उजवीकडे शेनान्डोआ नदीचं खोरं आणि त्यात वळणं घेत पसरलेली नदी, डावीकडे सखल प्रदेशातली शेतं. ओक, मेपल, हिकरी यांची पानं पिवळी, तांबडी, विटकरी झालेली. ओल्या पानांवरून चाक घसरतं म्हणून हे वळणांवर हळू घेत होते.

थिगळं तीच होती, सांधेही तेच. पण 'ठक्' आला नाही. गाडी खाली जायची, मधेच कुणीतरी हातावर झेलल्यासारखी थांबायची आणि वर यायची. वळणावरचे हेलकावेही गेले. पंधराव्या मैलाच्या पुढे मी मनातल्या मनात मोजणं सोडून दिलं आणि आजूबाजूला बघायला लागले. तासातासाला उतरत होतो, चालत होतो. एकतिसाव्या मैलावर थॉर्नटन गॅपची खिंड आली. ह्यांनी वेग कमी करून विचारलं, "उतरायचं का खाली?" मी म्हटलं, "अहो, चला पुढे."

तिथून जेमतेम मैलभर पुढे मेरीज रॉकचा बोगदा आहे. खडक फोडून केलेला, उंची १२ फूट ८ इंच. एप्रिलमध्ये तो पाहायचा राहिला होता. आत गार अंधार आणि एंजिनाचा आवाज चारी बाजूंनी परत येणारा. बाहेर पडलो तर समोर एकदम उघडी दरी. खंबाटकीचा बोगदा ओलांडताना मुलं ओरडतात ना, तशी मी ओरडले.

बेचाळिसाव्या मैलाच्या सुमारास स्कायलँडजवळ रस्ता सगळ्यांत उंच चढतो, ३,६८० फुटांवर. इथलं सर्वांत उंच शिखर हॉक्सबिल ४,०५१ फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून थोडं बुटकंच. आपल्या सह्याद्रीसारखे ताशीव कडे फार नाहीत, डोंगर गोलसर आणि झाडीनं झाकलेले. पण एक नातं मात्र आहे. इथले काही खडक म्हणजे सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपला काळा पाषाणही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांचा. त्या हिरवट काळ्या दगडावर बसून थालीपीठ खाताना मला फार घरच्यासारखं वाटलं. स्कायलँडला ब्लॅकबेरीचं आइस्क्रीम घातलेला एक गोड पदार्थ मिळतो, तो चुकवू नका. जांभळाच्या रंगाचा आणि चवीला आंबटगोड.

एक्कावन्नाव्या मैलावर बिग मेडोज, मोठं गवताळ पठार. याच जागी ३ जुलै १९३६ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी उद्यानाचं लोकार्पण केलं. आमचा मुक्काम तिथल्याच लॉजमध्ये होता. संध्याकाळी हरणं अगदी जवळ येऊन चरत होती. (त्यांना खायला घालायचं नाही, तसा नियम आहे. आणि सांजवेळी ती रस्त्यावर अचानक येतात, तेव्हा गाडी अगदी सावकाश.) तिथे आम्ही एक छोटा बदल केला. २४ पौंडांवर ठोके गेले होते, पण बारीकसारीक खडबडीत जागी गाडी जराशी टणक लागत होती. हवा फार झाली की असंच होतं, चाक रस्त्यावरून उड्या मारल्यासारखं जातं. गाडी गार झाल्यावर फडकं धरून २ पौंड हवा सोडली. सकाळी पाहिलं तर काटा २२ वरून साडेवीसवर! गळती वाटली, पण नव्हती. रात्री कडाक्याचा गारठा पडला होता आणि थंडीनं हवा आकसते. गॅसच्या शेगडीला लावतो तसा साबणाचा फेस नळीच्या सांध्यांना लावून मी खात्री करून घेतली. एकही बुडबुडा नाही. मग दोन-चारदा पंप मारला आणि निघालो.

उरलेले चोपन्न मैल दक्षिणेकडचे. इकडे गर्दी कमी, झाडी दाट. रॉकफिश गॅपला १०५ मैल पुरे झाले. मी खाली उतरले, हात वर करून ताणले आणि चालले. कंबर थकली होती, पण दुखत नव्हती. ती जाहिरात ह्यांनी आदल्या आठवड्यातच फाडून टाकली होती म्हणे. मला तिथे, त्या खिंडीत सांगितलं!

आता तुमच्या गाडीविषयी. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना हवेचे शॉकॲब्सॉर्बर नसतात. पण स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. आकडीच्या पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग कमी-जास्त ताठ होते. दोघांनी घाटात जायचं असेल तर गॅरेजवाल्याला एक-दोन पायऱ्या वाढवायला सांगा. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे पायरी सारखीच हवी. गावात एकट्यानं फिरताना ती पुन्हा उतरवा. एवढ्या कामाला पाच-दहा मिनिटं पुरतात.

आणि निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा :

टायरची हवा आणि शॉकॲब्सॉर्बरची हवा या दोन वेगळ्या गोष्टी. टायरच्या हवेचेही एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे आकडे बहुधा गाडीवरच्या चिठ्ठीत किंवा पुस्तकात असतात, ते वाचा.

दोघं बसल्यावर संध्याकाळी हेडलाइट भिंतीवर पाडून बघा. उजेड नेहमीपेक्षा वर गेला असेल तर गाडी मागून जास्त दबली आहे. समोरच्याच्या डोळ्यांत तो उजेड जातो.

शॉकॲब्सॉर्बरवरून तेलाचा ओघळ दिसला तर तो हवेनं किंवा पायरीनं बरा होत नाही, गॅरेजच गाठा.

लांबच्या प्रवासात दोन्हीकडे पाय टाकून बसा, पाय पायदानावर टेकलेले. पदर, ओढणी नीट खोचून घ्या.

आणि गॅरेजवाल्यानं किंवा घरच्यांनी वजन विचारलं तर खरं सांगा, हातातल्या पिशवीसकट. दोन किलो कमी सांगून माणसं फसतील, स्प्रिंग फसत नाही.